विश्लेषण : ‘अल अहली’ला आफ्रिकेचा सर्वात यशस्वी क्लब बनवणारे सालेह सलीम कोण होते?

१४ जून २०२५. अमेरिकेतील मायामी. ३२ संघांच्या पहिल्या क्लब विश्वचषकाचा सलामीचा सामना. भारतात तेव्हा १५ जूनची पहाट होती आणि अनेक जण लिओनेल मेसीच्या इंटर मायामीसाठी गजर लावून उठले होते. समोर लाल जर्सीतला इजिप्तचा अल अहली हा संघ होता. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. मेसीच्या संघाला रोखणारा हा क्लब नेमका कोणता, असा प्रश्न त्या दिवशी अनेकांना पडला.

आफ्रिकेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. आफ्रिकन चॅम्पियन्स लीगचे जेतेपद अल अहलीने २०२४ पर्यंत १२ वेळा पटकावले आहे. त्यांच्यानंतर सर्वाधिक जेतेपदे कैरोचाच झमालेक आणि काँगोचा टीपी माझेम्बे यांच्या नावावर आहेत, प्रत्येकी पाच. या यशाचा उगम शोधत मागे गेले की एका नावापाशी थांबावे लागते. ते म्हणजे सालेह सलीम. खेळाडू म्हणून त्यांना आफ्रिकन क्लब स्पर्धेत एकदाही उतरता आले नाही. मात्र त्यांच्या हयातीत अल अहलीने आफ्रिकेत जिंकलेला प्रत्येक करंडक ते अध्यक्ष असतानाच क्लबच्या कपाटात आला.

अल अहली क्लबचा जन्म कसा झाला?

इजिप्तवर ब्रिटिशांचा ताबा असताना, २४ एप्रिल १९०७ रोजी कैरोत या क्लबची स्थापना झाली. उच्च शिक्षण घेणाऱ्या इजिप्शियन विद्यार्थ्यांना एकत्र येण्यासाठी हक्काची जागा हवी, ही त्यामागची कल्पना. ‘अहली’ या अरबी शब्दाचा अर्थ राष्ट्रीय. पहिले अध्यक्षपद मिचेल इन्स या इंग्रज अधिकाऱ्याकडे होते, पण क्लबची ओळख लवकरच इजिप्शियनांचा क्लब अशी झाली. त्यामुळे अल अहलीचे अध्यक्षपद हे तिथे केवळ खेळातले पद मानले जात नाही. सलीम यांच्या आधी या खुर्चीवर बसलेले अब्देल मोहसेन मोर्तगी हे लष्करातले वरिष्ठ सेनानी होते. १९६७ च्या युद्धात सिनाई आघाडीची सूत्रे त्यांच्याकडे होती.

डॉक्टरांच्या घरातला ‘माएस्ट्रो’

सालेह सलीम यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३० चा. वडील मोहम्मद सलीम हे भूलतज्ज्ञ डॉक्टर. सुशिक्षित, सुस्थितीतले घर. अशा घरातला मुलगा फुटबॉलमध्ये रमला आणि १९४४ मध्ये अल अहलीच्या कुमार संघात दाखल झाला. धाकटा भाऊ तारेक यानेही पुढे हीच जर्सी घातली.

१९४८ मध्ये सलीम मुख्य संघात आले आणि त्याच वर्षी इजिप्तची राष्ट्रीय लीग सुरू झाली. या लीगची पहिली नऊच्या नऊ जेतेपदे अल अहलीने जिंकली. १९६० मध्ये झमालेकने ही मालिका तोडली, पण पुढची दोन वर्षे करंडक पुन्हा अल अहलीकडेच आला. या अकराही जेतेपदांमध्ये सलीम यांचा वाटा होता. उंचापुरा बांधा, चेंडूवर हुकमत आणि मैदानभर फिरणारी नजर यामुळे चाहत्यांनी त्यांना ‘माएस्ट्रो’ म्हणायला सुरुवात केली. इस्माइलीविरुद्धच्या लीग सामन्यात त्यांनी एकट्याने सात गोल केले होते. इजिप्तच्या फुटबॉलमध्ये आजही त्या सामन्याचा दाखला दिला जातो.

देशाच्या संघातही त्यांचे स्थान पक्के होते. १९५९ मध्ये कैरोत झालेला आफ्रिका चषक इजिप्तने जिंकला, तेव्हा सलीम संघाचे कर्णधार होते. त्या वेळी इजिप्त आणि सीरिया एकत्र असल्याने संघ ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ या नावाने खेळला. स्पर्धेत तीनच संघ होते. इजिप्तने इथिओपियाचा ४-० आणि सुदानचा २-१ असा पराभव केला. त्या संघात महमूद अल गोहारी नावाचा आक्रमक खेळाडू होता. स्पर्धेत सर्वाधिक गोल त्यानेच केले. सलीम यांच्या आयुष्यात हे नाव पुढे दोनदा महत्त्वाचे ठरणार होते.

आफ्रिकन क्लब स्पर्धा त्यांच्या वाट्याला का आली नाही?

आफ्रिकन फुटबॉल महासंघाची स्थापना १९५७ ची. त्याचे मुख्यालय इजिप्तमध्ये आणि पहिले अध्यक्षही इजिप्तचेच. पण देशोदेशीच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा सुरू व्हायला १९६४ उजाडले. इजिप्तचे क्लब त्यात उशिरा उतरले. १९६७ च्या युद्धानंतर तर देशातली लीगच काही वर्षे बंद पडली. इस्माइलीने १९६९ ची स्पर्धा जिंकून इजिप्तला पहिला आफ्रिकन क्लब करंडक मिळवून दिला. अल अहलीचे पहिले पाऊल १९७६ मध्ये पडले आणि अल्जीरियाच्या एमसी अल्जेने त्यांना बाहेर काढले. पुढे तोच संघ विजेता ठरला.

सलीम यांचा खेळाडू म्हणून प्रवास तोवर संपला होता. १९६३ मध्ये ते ऑस्ट्रियातील ग्राझर एके या क्लबकडून काही काळ खेळून आले आणि १९६७ मध्ये त्यांनी बूट उतरवले. त्याआधी चित्रपटांनीही त्यांना साद घातली होती. १९६१ ते १९६३ या काळात त्यांनी तीन चित्रपटांत काम केले. त्यातला ‘अल बाब अल मफ्तुह’, म्हणजे उघडे दार, हा हेन्री बरकात यांचा चित्रपट गाजला. त्यात त्यांची नायिका होती अरब चित्रपटसृष्टीची सम्राज्ञी फातेन हमामा. पण सलीम चित्रपटांत रमले नाहीत. त्यांचे मन क्लबच्या मैदानावरच राहिले. अभिनयाचा वारसा पुढे त्यांचा मुलगा हिशाम याने चालवला.

अध्यक्ष झाल्यावर काय बदलले?

१९८० मध्ये सलीम क्लबच्या अध्यक्षपदी निवडून आले. अल अहली तेव्हा इजिप्तमध्ये बलाढ्य होता, पण आफ्रिकेत त्याच्या नावावर एकही करंडक नव्हता. पहिली संधी लगेच, १९८१ मध्ये चालून आली. अल अहली उपांत्य फेरीत पोहोचला. समोर अल्जीरियाचा तिझी उझूचा संघ होता. मात्र ६ ऑक्टोबर १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांची कैरोत लष्करी संचलनादरम्यान हत्या झाली. देश हादरला आणि अल अहलीने स्पर्धेतून माघार घेतली. तिझी उझूचा संघ अंतिम फेरीत गेला आणि जिंकला.

पुढच्या वर्षी अल अहली पुन्हा उतरला. प्रशिक्षक होते सलीम यांचे १९५९ मधले सहकारी अल गोहारी आणि संघाचा तारा होता महमूद अल खतीब. अंतिम फेरीत गाठ पडली घानाच्या असान्ते कोटोकोशी. घानाने त्याच वर्षी आफ्रिका चषक जिंकला होता, त्यामुळे हा सामना सोपा नव्हता. तेव्हाची अंतिम फेरी दोन सामन्यांची असे. एक घरच्या मैदानावर, एक प्रतिस्पर्ध्याच्या. घरच्या गर्दीपुढे मोठी आघाडी घ्यायची आणि परतीच्या लढतीत लांबचा प्रवास, उकाडा आणि विरोधातला गोंगाट सोसून ती टिकवायची, हे या स्पर्धेचे गणित. कैरोत अल अहलीने ३-० अशी बाजी मारली आणि कुमासीत १-१ अशी बरोबरी साधली. डिसेंबर १९८२ मध्ये क्लबचा पहिला आफ्रिकन करंडक कैरोत आला.

वर्षभरात कोटोकोने हिशोब चुकता केला. १९८३ च्या अंतिम फेरीत कैरोत गोलशून्य बरोबरी झाली आणि कुमासीत अल अहली ०-१ असा हरला. त्यानंतर क्लब आफ्रिकन कप विनर्स कपकडे, म्हणजे देशोदेशीच्या करंडकविजेत्यांच्या स्पर्धेकडे वळला. १९८४ मध्ये कॅमेरूनच्या कॅनन याउंडेला पेनल्टी शूटआऊटमध्ये, १९८५ मध्ये नायजेरियाच्या लेव्हेंटिस युनायटेडला आणि १९८६ मध्ये गॅबनच्या सोगाराला नमवत अल अहलीने हा करंडक सलग तीनदा जिंकला. १९८७ मध्ये सुदानच्या अल हिलालविरुद्ध ओम्दुरमानमध्ये ०-० आणि कैरोत २-० अशी कामगिरी करत विजेत्यांचा करंडकही दुसऱ्यांदा मिळवला. सहा वर्षांत पाच करंडक.

मुख्य संघच बाजूला ठेवला तेव्हा…

मात्र इजिप्तमध्ये सलीम यांचे नाव निघाले की या करंडकांच्या आधी एका देशांतर्गत सामन्याची आठवण निघते. १९८५ मध्ये प्रशिक्षक अल गोहारी आणि क्लबचे व्यवस्थापन यांच्यात बेबनाव झाला. अल गोहारी बाहेर पडले. मुख्य संघातील खेळाडू त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि बंडाच्या पवित्र्यात गेले. यात क्लबचे लाडके तारे होते आणि बाहेर पडलेला प्रशिक्षक सलीम यांचा जुना सोबती होता. तोंडावर इजिप्त करंडकातला सामना होता आणि प्रतिस्पर्धी कट्टर शेजारी झमालेक. तेव्हाचा आफ्रिकन विजेता संघ.

अशा वेळी बहुतेक अध्यक्ष तडजोड करतात. सलीम यांनी बंडखोर खेळाडूंना निलंबित केले आणि झमालेकविरुद्ध कुमार गटातील मुले उतरवली. पराभव झाला असता तर चाहत्यांनी त्यांना माफ केले नसते. ती मुले ३-२ अशी जिंकली. त्या हंगामाचा इजिप्त करंडकही अल अहलीकडेच आला.

सलीम यांच्या कारभाराचे सूत्र या एका प्रसंगात सापडते. खेळाडू, प्रशिक्षक, अध्यक्ष येतील आणि जातील, पण क्लबपेक्षा मोठा कोणीही नाही, हे त्यांनी क्लबमध्ये रुजवले. या तत्त्वाची किंमत मोजायची तयारी असेल तरच त्याला अर्थ उरतो, हे त्यांना ठाऊक होते.

हे तत्त्व महागातही पडले का?

पडले. सलीम १९८८ मध्ये अध्यक्षपदावरून दूर झाले. पुढची चार वर्षे क्लबला एकही आफ्रिकन करंडक मिळाला नाही. १९९२ मध्ये ते परतले. १९९३ मध्ये आयव्हरी कोस्टच्या आफ्रिका स्पोर्ट्सला हरवून कप विनर्स कप चौथ्यांदा जिंकला. पण विजेत्यांचा सर्वात मोठा करंडक हुलकावणी देत राहिला. त्याच काळात झमालेकने तो १९९३ आणि १९९६ मध्ये जिंकला आणि आपली संख्या चारवर नेली.

इजिप्तमध्ये आता व्यावसायिक फुटबॉल आले होते. खेळाडूंचे करार, मानधन, मुदतवाढ हे नवे विषय झाले होते. २००० मध्ये हुसाम आणि इब्राहिम हसन या जुळ्या भावांचा करार वाढवण्यावरून मतभेद झाले. हुसाम हा इजिप्तचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, अल अहलीत घडलेला. वय वाढत असलेल्या या ताऱ्यांसाठी क्लब आपल्या अटींपासून हटला नाही आणि दोघे भाऊ थेट झमालेकमध्ये गेले. अल अहलीच्या चाहत्यांसाठी यापेक्षा मोठा घाव नव्हता. झमालेकने लगेच २००१ ची लीग जिंकली आणि २००२ मध्ये आफ्रिकन जेतेपदही मिळवले. क्लब सर्वांपेक्षा मोठा, हे १९८५ मध्ये विजयाच्या आनंदात म्हणणे सोपे होते. या वेळी पराभव पदरात घेऊन ते पाळावे लागले.

शतकातील सर्वोत्तम क्लब आणि रेआल माद्रिद

विसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकन महासंघाने स्पर्धांतील कामगिरीच्या गुणांवरून शतकातील सर्वोत्तम क्लबची निवड केली. पहिला क्रमांक अल अहलीला मिळाला, दुसरा झमालेकला. कप विनर्स कपची चार जेतेपदे इथे कामी आली. विजेत्यांचे करंडक झमालेककडे अधिक असल्याने त्यांच्या चाहत्यांना हा निकाल आजही मान्य नाही.

या सन्मानाच्या निमित्ताने ऑगस्ट २००१ मध्ये रेआल माद्रिदचा संघ कैरोत मैत्रीपूर्ण सामन्यासाठी आला. फिफाने माद्रिदला आदल्याच वर्षी विसाव्या शतकातील सर्वोत्तम क्लब ठरवले होते आणि झिनेदिन झिदान नुकताच त्यांच्या ताफ्यात दाखल झाला होता. अल अहलीने हा सामना १-० असा जिंकला. गोल होता नायजेरियाच्या संडेचा. संघाची सूत्रे नुकतीच पोर्तुगालचे मानुएल जोझे यांच्याकडे आली होती.

मैत्रीपूर्ण विजयापेक्षा खरे काम त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये झाले. आफ्रिकन चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या मामेलोडी सनडाउन्सशी प्रिटोरियात १-१ अशी बरोबरी झाली. कैरोतील परतीच्या लढतीत खालेद बेबोने तीन गोल केले आणि अल अहली ३-० असा जिंकला. चौदा वर्षांची प्रतीक्षा संपली. मार्च २००२ मध्ये कायझर चीफ्सला ४-१ असे हरवून क्लबने पहिल्यांदाच आफ्रिकन सुपर कपही मिळवला. सलीम यांच्या हयातीतला हा शेवटचा आफ्रिकन करंडक.

६ मे २००२ रोजी लंडनमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ते ७१ वर्षांचे होते. दहा दिवसांनी, १६ मे रोजी, लीगमध्ये अल अहली आणि झमालेक समोरासमोर आले. अल अहली ६-१ असा जिंकला. बेबोने चार गोल केले.

त्यांच्यानंतर क्लबचा आलेख कसा राहिला?

सलीम गेले तेव्हा अल अहलीकडे आफ्रिकेची तीन विजेतेपदे होती आणि झमालेककडे चार. म्हणजे या आघाडीवर क्लब शेजाऱ्याच्याही मागे होता. खरी झेप नंतरची आहे. जोझे परतल्यावर २००५, २००६ आणि २००८ मध्ये जेतेपदे मिळाली. यातले २००६ चे जेतेपद मोहम्मद अबूत्रिकाने ट्युनिशियात सीएस स्फाक्सियनविरुद्ध भरपाई वेळेत केलेल्या गोलने हाती लागले.

१ फेब्रुवारी २०१२ रोजी पोर्ट सईदच्या मैदानावर झालेल्या हिंसाचारात ७० हून अधिक जणांचा बळी गेला. मृतांत बहुतांश अल अहलीचे चाहते होते. देशातली लीग बंद पडली. त्याच वर्षी एस्पेरान्सला ट्युनिशियात जाऊन हरवत संघाने आफ्रिकन जेतेपद मिळवले आणि २०१३ मध्ये ते राखले. पुढे २०२०, २०२१, २०२३ आणि २०२४ अशी आणखी चार जेतेपदे आली. २०२० ची अंतिम लढत झमालेकशीच होती. अल अहली २-१ असा जिंकला.

आफ्रिकेबाहेरची कसोटी मात्र कठीण राहिली. २००५ मध्ये क्लब विश्वचषकातील पदार्पणात अल अहलीने दोन्ही सामने गमावले आणि संघ सहावा, म्हणजे शेवटचा आला. पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या क्लब अमेरिकाला हरवून तिसरा क्रमांक मिळवला. २०२०, २०२१ आणि २०२३ च्या स्पर्धांतही संघ तिसरा आला. पण अंतिम फेरी कधी गाठता आली नाही. २०२२ च्या स्पर्धेत माद्रिदने त्यांना ४-१ असे नमवले. कैरोतला मैत्रीपूर्ण विजय आणि स्पर्धेतली लढत यातले अंतर त्या दिवशी स्पष्ट झाले. २०२५ मध्येही मायामी आणि पोर्तोविरुद्ध बरोबरी (पोर्तोशी ४-४) आणि पाल्मेरासविरुद्ध पराभव यामुळे गटातच गाशा गुंडाळावा लागला.

आकड्यांत अल अहली (२०२४ पर्यंत)

आफ्रिकन चॅम्पियन्स लीग (पूर्वीचा चॅम्पियन क्लब करंडक) : १२
आफ्रिकन कप विनर्स कप : ४
आफ्रिकन सुपर कप : ८
कॉन्फेडरेशन कप : १
क्लब विश्वचषकात तिसरा क्रमांक : ४ वेळा
सलीम अध्यक्ष असतानाचे आफ्रिकन करंडक : ८

मग श्रेय नेमके कोणाचे?

अध्यक्ष गोल करत नाही. १९८२ चा करंडक अल गोहारी आणि अल खतीब यांचा होता, २००१ चा जोझे आणि बेबो यांचा. देशातले उत्तम खेळाडू, पैसा आणि कोट्यवधी चाहते कैरोतल्या दोन क्लबांकडेच एकवटतात, हेही यशाचे मोठे कारण. सलीम नसते तरी अल अहली मोठाच क्लब राहिला असता.

पण एक गोष्ट त्यांच्या नावावर लिहावी लागते. खेळाडू क्लब चालवू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेले हसन हमदी हे क्लबचेच माजी खेळाडू. त्यांच्या काळात पाच आफ्रिकन जेतेपदे आली. २०१७ मध्ये निवडून आलेले महमूद अल खतीब म्हणजे १९८२ च्या संघाचा तारा. त्यांच्या काळात २०२४ पर्यंत आणखी चार आली. सलीम यांच्या निधनानंतरची नऊही जेतेपदे अशा अध्यक्षांच्या कारकीर्दीत मिळाली, ज्यांनी कधी काळी हीच लाल जर्सी घातली होती. हसन भावांसारखे तारे आजही क्लब सोडून जातात आणि त्यावरून चाहते आजही भांडतात. त्या भांडणात दोन्ही बाजू दाखला मात्र सलीम यांचाच देतात.